कोलकार अण्णांची पोच

कोलकार अण्णांना सकाळी नमस्कार केला की ते "पोचला" एवढंच म्हणायचे. उलट हात जोडणं नाही, मान हलवणं नाही, हसणं तर नाहीच. नव्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ आपल्यावर कशावरून तरी रागावलाय. तासाभराने व्हरांड्यात परत गाठ पडली आणि त्या माणसाने सवयीने पुन्हा हात जोडले, की अण्णा थांबायचे, त्याच्याकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "ह्यो मगाचाच की वो. एकदा धरलाय. दोनदा धरत न्हाय मी."

तो नवा माणूस मी होतो. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. येळ्ळूरच्या शेतकऱ्याच्या घरातला, घरात पहिल्यांदाच पँट घालून नोकरीला निघालेला मी बेळगावच्या एका ऑफिसात ट्रेसर म्हणून, म्हणजे नकाशे गिरवायला, चिकटलो होतो. ऑफिस नद्या, पाऊस आणि पाणी यांचा हिशेब ठेवणारं. खात्याचं नाव सांगत नाही. सांगून आता कुणाचं भलं होणार नाही.

अण्णा म्हणजे भरमा सत्याप्पा कोलकार, आमचे वायरलेस ऑपरेटर. निपाणीजवळच्या एका खेड्यातले. उंच, वाळलेले, खांद्यात थोडे वाकलेले. कानांवर सतत हेडफोन असल्यामुळे डोक्यावर केसांत एक आडवी वाट पडली होती. शर्टाच्या गुंडीला सुतळीने शिसपेन्सिल बांधलेली असायची. बायको शांताक्का निपाणीत विड्या वळायची, हे बेळगावात एका खोलीत एकटे राहायचे आणि रविवारी घरी जायचे. चेहरा मात्र सातही वार एकच, नुकतंच कुणालातरी पोचवून आलेल्या माणसाचा.

पावसाळ्याचे चार महिने खानापूरच्या जंगलात आमच्या लोकांचे तंबू पडायचे. कुठे किती पाऊस झाला, कुठला ओढा किती चढला, हे आकडे रोज सकाळी बेळगावात हवे असायचे, कारण त्यावरून खाली धरणाच्या दारांचं ठरायचं. जंगलात टेलिफोनच्या तारा नव्हत्या. म्हणून वायरलेसचे सेट. एक ऑफिसात, एकेक दोन जीपगाड्यांत आणि तीन-चार पाठीवर वाहून न्यायचे. पण मध्ये डोंगर. तंबूतला सेट बेळगावला ऐकू यायचा नाही. त्याचं बोलणं एखाद्या चढावर उभ्या असलेल्या जीपला ऐकू यायचं, जीपवाला ते पुढे बोलायचा, कधी आणखी एक जण मध्ये लागायचा, तेव्हा कुठे ते अण्णांच्या कानात पडायचं. आणि मधला माणूस रोज वेगळा. जीप आज इथे तर उद्या दहा मैलांवर.

अण्णांच्या टेबलामागे एक फळा होता. रोज सकाळी सात वाजता ते सगळ्यांना विचारायचे, "कोन कुनाला ऐकतंय?" जो तो आपल्याला कोणाचा आवाज येतो ते सांगायचा. अण्णा फळ्यावर टिंबं काढायचे आणि ज्याला जो ऐकू येतो त्याला रेघेने जोडायचे. दुपारपर्यंत ते चित्र खोटं व्हायचं. मग ते उठून फळा टोपीने पुसायचे आणि पहिल्यापासून विचारायला लागायचे. टोपी मुळात कुठल्या रंगाची होती, कोण जाणे. ती खडूने नेहमीच पांढरी असायची.

लांबलचक मजकूर ते एका दमात घ्यायचे नाहीत. चार-चार आकड्यांचे तुकडे करून, प्रत्येक तुकड्याला नंबर देऊन मागायचे. तिसरा तुकडा पावसाच्या खरखरीत बुडाला, तर फक्त तिसराच परत. त्यांचं दुसरं एक तत्त्व होतं, ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. जीपवरची पोरं उत्तर आलं नाही की आधी थांबून राहायची, वाटेत गर्दी असेल म्हणून. अण्णा चिडायचे.

"उत्तर न्हाय आलं म्हंजे गर्दीच हाय असं न्हाय," ते म्हणायचे. "मधला मानूसच हालला असंल. डोंगराआड गेला असंल. मग तुमी हितं कितीबी दम धरून बसा, काय उपेग? गर्दी असंल तर दम धरायचा. मानूस हालला असंल तर दुसरी वाट हुडकायची. आदी वळका, काय झालंय त्ये."

मी मान डोलावली.

"मान न्हाय. त्वांडानं सांगा. पोचलं?"

"पोचलं, अण्णा."

हे सगळं ऑफिसात ठेवलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण अण्णांचं ऑफिस आणि घर यांच्यात दार नव्हतं. मी एकदा निपाणीला त्यांच्या घरी गेलो होतो. शांताक्का विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हात चालू ठेवूनच त्यांनी गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली.

"बाजाराला निघालं की मी सांगायचं. चार जिनसा सांगायच्या, थांबायचं. ह्ये पोचलं म्हननार. मग दुसऱ्या चार. एकदा पार चौकात गेलं आनि तितनं माघारी आलं. मला म्हनत्यात, तिसरा तुकडा परत सांग. मी म्हटलं, अवो, हळदच हाय त्यात. तर म्हनत्यात, हळद दुसऱ्यात आलती."

"आणि मिठाचं?" अण्णांकडे बघून मी विचारलं. मिठाची गोष्ट ऑफिसात पोचलेली होती.

"मीठ आना म्हटलं. पोचलं म्हटलं. मागनं शेजारीन आली, तिला बी पायजे हुतं, म्हनून मी परत वरडले, मीठ आना. तर ह्येनी एकच पुडा आनला. दुसरी हाक मगाचीच हाय म्हनून सोडून दिली म्हनं! ह्येंच्याशी संसार म्हंजे तारऑफिसात बिनपगारी नोकरी बगा."

"नंबर घालून सांगायचं हुतंस," अण्णा खाली मान घालून म्हणाले. शांताक्कांनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. तिघांपैकी दोघं हसलो.

अण्णांच्या मेव्हणीच्या मुलीच्या सोयरिकीचीही हकिकत आहे. देण्याघेण्याच्या बोलण्यात दोन्हीकडचे वडीलधारे एकदम बोलायला लागले. अण्णा मध्ये उठून उभे राहिले. दोघं एकदम बोललात की दोघांचंही बुडतं, आता दोघंही गप बसा, असं त्यांनी सांगितलं. इथवर ठीक होतं. पण दोघं सारखाच वेळ गप बसले तर परत एकदमच बोलणार, म्हणून मुलाच्या मामाने दहापर्यंत मोजून बोलायचं आणि मुलीच्या चुलत्याने विसापर्यंत, असा त्यांनी हुकूम सोडला. माणसं बावचळून खरंच मोजायला लागली. लग्न ठरलं, चांगलं झालं. पण त्यानंतर अण्णांना कुठल्या बैठकीला कुणी बोलावलं नाही. "बोलवत न्हाईत," असं ते स्वतःच सांगायचे. तक्रार म्हणून नाही; आज अमक्या सेटची बॅटरी उतरली म्हणून सांगावं, तसं.

ऑफिसातही त्यांच्याजवळ कुणी फार बसत नसे. आमचे साहेब धारवाडकडचे. त्यांचा आवडता शब्द "आयतु". कानडीत म्हणजे "झालं". फाईल आली, आयतु. सही राहिली, आयतु. एकदा ओढ्यावरचा साकव वाहून गेल्याचं सांगितलं, तेव्हाही त्यांच्या तोंडून आधी आयतुच निघालं. अण्णांना हा शब्द सहन व्हायचा नाही. साहेबांचा निरोप जीपवाल्याला दिला की साहेब आयतु म्हणून डबा उघडायला घ्यायचे आणि अण्णा टेबलासमोर तसेच उभे.

"झालं न्हाय सायेब. जीपवाल्याला पोचलंय. तंबूत न्हाय पोचलं अजून."

"अवनु हेळतानप्पा," साहेब म्हणायचे. तो सांगेल की बाबा.

"मधल्याचं पोचलं मला नको सायेब. ज्याचं हाय त्येचं पोचलं पायजे."

हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. ज्याच्यासाठी मजकूर आहे त्याच्या तोंडचं "पोचलं", त्याच्या नावानिशी आणि वेळेनिशी, उलट त्याच वाटेने परत येईपर्यंत अण्णा आपल्या वहीत त्या मजकुरापुढे बरोबरची खूण करायचे नाहीत. तोवर जेवायचे नाहीत, पाणी प्यायचे नाहीत. आम्ही पोरं त्यांच्या मागे नकला करायचो. मी फार चांगली करायचो. येळ्ळूरला घरीसुद्धा करून दाखवायचो, आणि माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते खोकत खोकत हसायचे. अण्णांना त्यांनी कधी पाहिलं नाही. माझ्या नकलेतून मात्र चांगलं ओळखत होते.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात मला जांबोटीच्या पलीकडे जंगलातल्या तंबूवर पाठवलं. आबांचा दमा तेव्हा वाढलेला होता. निघताना मी त्यांना गणपतीला येतो म्हणून सांगितलं. तंबूत मी आणि पाण्याचं माप घेणारा एक मापाडी, असे दोघंच. सारखा पाऊस. कपडे वाळायचे नाहीत, आगपेटी पेटायची नाही, भाकरीला दुसऱ्या दिवशी केस यायचे. सेटच्या बॅटरीत पाणी शिरलं आणि तो मुका झाला. मापाड्याला नवी बॅटरी आणायला पाठवून मी एकटाच आकडे वहीत लिहीत बसलो.

त्याच दिवशी पहाटे आबा गेले.

पुढचं मला नंतर कळलं. माझा चुलतभाऊ यशवंता आठ वाजता सायकलवरून ऑफिसात पोचला. थोरल्या मुलाने अग्नी द्यायचा, म्हणून माणसं खोळंबली होती. पण पावसाचे दिवस, पाचपर्यंत थांबू, त्यापुढे नाही, असं माझ्या चुलत्यांनी, आप्पांनी सांगून पाठवलं होतं. अण्णांनी मजकूर वहीत घेतला. त्या दिवसाचा सातवा. जांबोटीच्या रस्त्यावरच्या जीपला दिला. जीपवाला म्हणाला, पोचलं, तंबूचा सेट बंद आहे, पण संध्याकाळी तिकडे जाणारच आहे, तेव्हा सांगतो. साहेब हळहळून चुकचुकले आणि म्हणाले, आयतु.

अण्णांनी जीपवाल्याला आत्ता जायला सांगितलं. त्याच्या गाडीत इंजिनिअर बसलेला, तो म्हणाला काम टाकून येता येत नाही. अण्णांनी फळ्यावर दुसरी वाट शोधली. दुसरी जीप पार दुसऱ्या टोकाला होती. तिला काही ऐकूच येत नव्हतं. साडेनऊला अण्णांनी हेडफोन काढून शेजारच्या कारकुनाच्या हातात दिले. चोवीस वर्षांच्या नोकरीत कामाच्या वेळेत त्यांनी ते पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात दिले होते, असं यशवंता म्हणतो. त्याला ते कुणीतरी ऑफिसात सांगितलं असणार. कुठे निघालात, असं साहेबांनी विचारलं. "सात नंबर पोचवून येतो," एवढं सांगून ते जांबोटीच्या बसला गेले.

एक वाजायच्या सुमाराला तंबूचं कापड बाजूला झालं आणि अण्णा दिसले. डोक्यावर घोंगड्याची खोळ, कमरेपर्यंत चिखल. पोटऱ्यांना पाच-सहा जळवा लागून रक्त वाहत होतं, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मला वाटलं, मी आकडे चुकवले आणि हा माणूस भांडायला एवढ्या लांब आला. मी घाईघाईने वही शोधायला लागलो.

"वही ऱ्हाऊ द्या, पाटील," ते म्हणाले. "तुमचं आबा गेलं. पहाटं. पाचपतोर थांबनार हायत. चला."

मी उभा राहिलो आणि खाली बसलो. त्यांनी मला पोचलं का म्हणून विचारलं नाही. माझी पिशवी भरली, वही त्यात घातली, माझ्या पायांत चपला सरकवल्या. तांब्यात पाणी होतं, ते मी त्यांच्यापुढे केलं. त्यांनी नको म्हटलं आणि तंबूची दोरी बांधली.

सडक तीन मैलांवर होती. वाटेत दोन ओढे. पहिल्या ओढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं ते पलीकडे गेल्यावरही सोडलं नाही. एरवी ते मला अहोजाहो करायचे. त्या वाटेवर मध्येच म्हणाले, "परशराम, दगडावर पाय दिऊ नगंस, शेवाळ हाय." मी रडत होतो. आबांना दिलेला शब्द आठवत होता आणि वेळेवर पोचू की नाही, ते कळत नव्हतं. मला बोलतं ठेवावं म्हणून असेल, किंवा त्यांनाच राहवलं नसेल, अण्णा बोलायला लागले. नंबर नाही, तुकडे नाहीत.

"माजा बा ह्येच काम करायचा. गावात कोन मेलं की बा ला हाक. ह्या गावास्नं त्या गावाला मातीचा सांगावा न्यायचा. दा मैल, पंदरा मैल. चालत. कुनी इचारलं न्हाय, जातोस का म्हनून. आमच्या जातीचं कामच त्ये."

माती म्हणजे आमच्याकडे अंत्यविधी. मला हे माहीत होतं. आमच्या येळ्ळूरातही पूर्वी असाच माणूस यायचा. तो कोण, त्याचं नाव काय, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"पर घरापतोर जायाचं न्हाय," अण्णा सांगत होते. "गावाच्या शिवंवर उभारायचं आनि वरडायचं. जो दिसंल त्येला सांगायचं. त्यो सांगतो म्हनला की माघारी. एकदा असंच झालं. एका लेकीचा बाप मेलता. बा नं शिवंवर सांगितलं. त्यो मानूस सांगतो म्हनला आनि बाजाराला निघून गेला. लेकीला कळलंच न्हाय. बापाचं त्वांड बगायला मिळालं न्हाय तिला. मागनं ती मानसं आमच्या वस्तीवर आली. बा ला लई मारलं. बा म्हनत हुता, मी सांगितलंय, मी सांगितलंय. कुनाला सांगितलंस म्हनून इचारलं. बा ला सांगता येईना."

"का?"

"मान वर करून बगायचं न्हाय हुतं न्हवं. त्वांडच बगितलं न्हवतं त्या मानसाचं."

दुसरा ओढा आला. तोही आम्ही तसाच, मनगट धरून ओलांडला.

"फुडं आमी धम्म घेतला," पलीकडे गेल्यावर ते म्हणाले. "त्या साली वस्तीनं ठरीवलं, ह्येच्या फुडं कुनाचा सांगावा न्यायचा न्हाय. मीबी हात वर केलता. गावानं पानी तोडलं, पर न्हाय नेला. आजपतोर न्हाय नेला मी."

"मग आज, अण्णा?"

त्यांनी डोक्यावरची खोळ सारखी केली. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "ह्यो सांगावा न्हाय. ह्यो मेसेज हाय. नंबर सात. वहीत हाय." आणि थोडं पुढे गेल्यावर, मागे न बघता, "तुमचं आबा मला ठावं न्हाईत. तू ठावा हाईस."

सडकेवर लाकडाचा एक ट्रक मिळाला. त्यात पुढे जागा एकाचीच होती. अण्णा मागे ओंडक्यांवर बसले. बेळगावला पोचल्यावर रिक्षा. येळ्ळूरच्या वेशीत शिरलो तेव्हा पाचाला दहा मिनिटं कमी होती. गल्लीत माणसं उभी होती, बांबूवर आबा निजलेले होते. मी रिक्षातून उडी टाकून धावलो. मला तोंड बघायला मिळालं. आबांच्या गालावर पांढरी खुंटं वाढली होती. रोज दाढी करणारा माणूस. मी हात लावला. अग्नीही माझ्याच हातून दिला गेला. हे सगळं त्या एका माणसामुळे झालं.

परत आलो, अंघोळी झाल्या, तेव्हा मला अण्णांची आठवण झाली. यशवंता म्हणाला, तो माणूस आत आलाच नाही. गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मागून थोडं अंतर ठेवून स्मशानापर्यंत आला आणि तिथून गेला. आप्पा कट्ट्यावर बसले होते, त्यांनी विचारलं, "कोन रं त्यो, तुज्यासंगं आलेला?"

"ऑफिसातले आहेत. कोलकार."

"हं," आडनाव ऐकून आप्पा म्हणाले आणि विडी पेटवली.

बाराव्याच्या जेवणाला माझ्या ऑफिसातल्यांना बोलवायचं ठरलं. मातीला आलेल्या माणसाला बाराव्याला बोलवतात, ही आमची रीत. आणि ऑफिसातून मातीला एकच माणूस आला होता. यादी आप्पांनी केली. साहेब, मोठे कारकून, ट्रेसर, सगळे जीपवाले, अगदी त्या दिवशी संध्याकाळी सांगतो म्हणालेलासुद्धा. आप्पांनी कागद माझ्या हातात दिला, बघ कोण राहिलंय का. मी वाचला. एक नाव नव्हतं. ते का नव्हतं हे मला कळलं, आणि मला कळलंय हे आप्पांना कळलं. आई भिंतीला टेकून बसली होती. घर माणसांनी भरलेलं होतं. मी म्हटलं, "न्हाय, सगळी हायत." यशवंताने तो कागद ऑफिसात नेला आणि मधल्या हॉलमध्ये उभा राहून मोठ्याने वाचला. वायरलेसचं टेबल त्याच हॉलमध्ये होतं.

मी दुःखात होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. डोकं ठिकाणावर होतं. मी घाबरलो होतो. ज्याने मला बापाचं तोंड दाखवलं, त्याच्यासाठी चुलत्यापुढे एक नाव उच्चारायची माझी छाती झाली नाही.

चौदाव्या दिवशी कामावर गेलो. येताना सबंध वाटेत एक वाक्य जुळवलं होतं. अण्णा टेबलाशीच होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी एक हेडफोन कानावरून बाजूला केला.

"आई जेवतीया का?" त्यांनी विचारलं.

"थोडं थोडं."

"जबरदस्ती करू नगासा. आपलं आपन हुतंय."

"अण्णा," मी म्हणालो, "बाराव्याला तुम्ही..."

"माजी डूटी हुती की त्या दिशी," ते पटकन म्हणाले. "बोलीवलं असतं तरी आलो नसतो. सेट सोडून कसं येनार?" आणि हेडफोन सारखा करून ते फळ्याकडे वळले.

मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. ड्युटी होती तर होती.

दुपारी माझ्या रजेचा अर्ज द्यायला मोठ्या कारकुनाकडे गेलो. तो कामात होता. तिथेच फाईल आहे, त्यात लाव, म्हणाला. मी फाईल उघडली. सगळ्यात वर कोलकार अण्णांचा अर्ज होता. एकेक अक्षर सुटं, आकडे लिहावेत तसं. आबांना अग्नी दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेला. यादी तोवर झालीही नव्हती. बाराव्याच्या दिवसाची एक दिवसाची रजा मागितली होती. कारण लिहिलं होतं: श्री. परशराम पाटील यांच्या घरी येळ्ळूर येथे कार्यास जाणे.

खाली साहेबांची मंजुरीची सही होती. यादी वाचून झाल्यावरही अण्णांनी अर्ज मागे घेतला नव्हता. मी हजेरीचं रजिस्टर काढून बघितलं. त्या दिवशी त्यांच्या नावापुढे रजा लागलेली होती. हेडफोन दिवसभर दुसऱ्याच कुणाच्या कानावर होते. धुतलेले कपडे घालून ते त्या दिवशी खोलीत बसून राहिले, निपाणीला गेले, की येळ्ळूरच्या बसथांब्यापर्यंत येऊन माघारी फिरले, ते मला माहीत नाही. पुढे आठ वर्षं आम्ही एका हॉलमध्ये काम केलं. मी त्यांना विचारलं नाही.